अपेक्षित उत्तर कोण लिहिणार?

३१ डिसेंबर २००८ या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या 'झून' नावाच्या, गाणी ऐकण्याच्या यंत्राने मान टाकली. एखाददुसऱ्या यंत्राने नव्हे. तीस गिगाबाइटच्या पहिल्या मॉडेलची यंत्रं लोकांच्या घरोघरी एकाच दिवशी गोठली. बटण दाबलं की पडद्यावर बोधचिन्ह उमटायचं आणि त्यापुढे काहीच हलायचं नाही. कंपनीने सांगितलेला उपायही तसाच अजब होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेप्रमाणे दुपारी बारानंतर यंत्र पुन्हा सुरू करा. तारीख बदलली की यंत्र आपोआप बरं होणार होतं.

दोष होता तारीख काढणाऱ्या मोजक्या ओळींमध्ये. यंत्रातलं घड्याळ १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजत असे आणि त्या आकड्यावरून वर्ष कोणतं ते ठरवण्याचं काम एका छोट्या फंक्शनकडे होतं. पद्धत साधी होती. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर एकेक वर्षाचे दिवस वजा करत जायचं. वर्ष लीप असेल तर शिल्लक ३६६ पेक्षा जास्त असेल तेव्हाच ३६६ वजा करायचे. आता लीप वर्षाचा शेवटचा दिवस घ्या. शिल्लक बरोबर ३६६. हा आकडा ३६५ पेक्षा मोठा, म्हणून फेरी सुरूच राहते. ३६६ पेक्षा मोठा नाही, म्हणून वजा काहीच होत नाही. पुढच्या फेरीत पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही तेच. यंत्र दिवसभर या फेरीत अडकून पडलं. झून बाजारात आला होता नोव्हेंबर २००६ मध्ये. २००८ हे त्याच्या वाट्याला आलेलं पहिलंच लीप वर्ष होतं.

हा दोष सापडायला ३१ डिसेंबर उजाडण्याची गरज नव्हती. त्या फंक्शनला '३६६' हा एक आकडा देऊन '३१ डिसेंबर १९८०' हे उत्तर येतं का, एवढंच पाहायचं होतं. १९८० हेही लीप वर्षच. उत्तर आलंच नसतं आणि गडबड तिथेच उघडी पडली असती.

कोडच्या अशा एका छोट्या तुकड्याला बाकीच्या यंत्रणेपासून वेगळं काढून, ठरावीक माहिती देऊन, ठरलेलं उत्तर मिळतं का हे पाहणाऱ्या कोडला 'युनिट टेस्ट' म्हणतात. ही टेस्टही प्रोग्रॅमरच लिहितो, त्याच भाषेत. एकदा लिहिली की ती यंत्राकडून हव्या तितक्या वेळा चालवून घेता येते. मूळ कोडमध्ये कुणी काहीही बदललं की सगळ्या टेस्ट पुन्हा धावतात आणि काय मोडलं ते काही सेकंदांत कळतं. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, टेस्ट लिहायला हव्यात याबद्दल दुमत सापडणार नाही. त्या लिहिल्या जातात का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. रिलीजची तारीख जवळ आली की कात्री सर्वांत आधी लागते ती टेस्टना.

टेस्ट लिहायचा कंटाळा येण्याचं कारण तिच्या रचनेतच आहे. शंभर टेस्ट लिहिल्या तर त्यांतल्या बहुतेक ओळी सारख्याच असतात. आधी तयारी करायची: ग्राहकाचं खोटं खातं उघडा, त्यात पाचशे रुपये टाका. मग एकच कृती: दोनशे रुपये काढा. मग पडताळणी: शिल्लक तीनशे आहे ना? बिल वेक यांनी २००१ च्या सुमारास या तीन टप्प्यांना 'अरेंज, अ‍ॅक्ट, असर्ट' असं सुटसुटीत नाव दिलं आणि ते जगभर रुळलं. जेरार्ड मेसारोस यांनी २००७ मध्ये टेस्ट लिहिण्याच्या पद्धतींचा जाडजूड ग्रंथच काढला. त्यांनी चौथा टप्पाही मोजला: आवराआवर. उघडलेलं खातं बंद करा, तयार केलेली फाइल पुसा, म्हणजे पुढच्या टेस्टला स्वच्छ जागा मिळेल.

जे पुन्हापुन्हा तसंच लिहावं लागतं, त्याचा साचा करावा, हे कुणालाही सुचेल. सॉफ्टवेअरच्या जगात तो करून दाखवला केंट बेक या अमेरिकन प्रोग्रॅमरने. 'स्मॉलटॉक' या भाषेसाठी त्याने टेस्ट लिहिण्याची एक छोटी चौकट बनवली आणि १९९४ मध्ये तिच्याविषयी लेख लिहिला. पुढे १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी जाताना विमानात त्याच्या शेजारी एरिक गॅमा बसला होता. सॉफ्टवेअर रचनेच्या नमुन्यांवरच्या गाजलेल्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी हा एक. दोघांनी त्या प्रवासात जावा भाषेसाठी तीच कल्पना नव्याने उतरवली आणि 'जेयुनिट' जन्माला आलं. पाहता पाहता पायथन, सी प्लस प्लस, पीएचपी अशा अनेक भाषांत आणि डॉटनेटवरही त्याची भावंडं निघाली.

गॅमाच्या पुस्तकातल्या नमुन्यांपैकी एकाचं नाव आहे 'टेम्प्लेट मेथड', आणि जेयुनिटच्या गाभ्यात तोच वापरलेला होता. आधी तयारी, मग टेस्ट, मग आवराआवर, हा क्रम चौकटीने पक्का करून ठेवायचा आणि प्रत्येक टप्प्यात नेमकं काय करायचं ते लिहिणाऱ्यावर सोडायचं. टेस्ट मध्येच फसली तरी आवराआवर चुकत नाही, कारण ती कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबूनच नसते. हा फायदा छोटा नाही. माणूस घाईत नेमकं जे विसरतो, ते चौकट विसरत नाही.

यापुढचे साचे रोजच्या वापरातले आहेत. कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये 'स्निपेट' नावाची सोय असते: दोन-चार अक्षरं टाइप करून टॅबची कळ दाबली की टेस्टचा सांगाडा पडद्यावर उमटतो आणि कर्सर पहिल्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहतो. पुन्हा टॅब, पुढची रिकामी जागा. बऱ्याच टीम आपापले स्निपेट करून ते सगळ्यांत वाटून घेतात. नव्याने रुजू झालेल्या मुलीला पहिल्याच दिवशी टीमच्या वळणाची टेस्ट लिहिता येते, हे या सोयीचं खरं यश.

पण साच्याचं मोल टाइपिंग वाचण्यात शोधणं म्हणजे त्याला कमी लेखणं आहे. बँकेत पैसे भरण्याची छापील स्लिप पाहा. खाते क्रमांक, तारीख, रक्कम आकड्यांत, रक्कम अक्षरांत. छापलेल्या मजकुराने आपले श्रम वाचतात ते थोडेच. पण रक्कम अक्षरांत लिहायची ती रिकामी जागा आपल्याला थांबवते आणि आकडा पुन्हा एकदा तपासायला लावते. चांगल्या टेस्टच्या साच्यातल्या रिकाम्या जागाही असंच काम करतात. 'नेहमीची माहिती दिली तर?' एवढाच प्रश्न विचारणारा साचा झूनला वाचवू शकला नसता. 'सर्वांत लहान किंमत?', 'सर्वांत मोठी किंमत?', 'सीमेवरची किंमत, तिच्या एक आधीची आणि एक नंतरची?', 'काहीच दिलं नाही तर?' या जागा रिकाम्या ठेवून जो साचा समोर येतो, तो लिहिणाऱ्याला ३६५, ३६६ आणि ३६७ हे तीन आकडे लिहायला भाग पाडतो. झूनच्या बाबतीत आणखी एक जागा हवी होती: वेळेची मर्यादा. तिथे उत्तर चुकत नव्हतं, ते येतच नव्हतं. एका सेकंदात उत्तर आलं नाही तर टेस्ट नापास, अशी अट साच्यातच असेल तर अशी अनंत फेरीही पकडली जाते. जेयुनिटमध्ये ही सोय आहे.

एकाच कृतीच्या अनेक टेस्ट लिहायच्या असतील तर आणखी नेटकी पद्धत म्हणजे तक्ता. टेस्टचा कोड एकदाच लिहायचा आणि त्याला ओळीओळीने माहिती पुरवायची. वर्ष लीप आहे का, हे सांगणाऱ्या फंक्शनसाठी तो तक्ता असा दिसेल:

२०२३ – नाही
२०२४ – हो
१९०० – नाही
२००० – हो
२१०० – नाही

पाच ओळींत ग्रेगरी दिनदर्शिकेचा सगळा नियम आला: चारने भाग जाणारं वर्ष लीप, शतकाचं वर्ष मात्र चारशेने भाग गेला तरच. पायथनच्या 'पायटेस्ट'मध्ये आणि जेयुनिटच्या नव्या आवृत्त्यांत अशा तक्त्याची खास सोय आहे. 'गो' भाषेच्या प्रोग्रॅमरांमध्ये तर टेस्ट लिहिण्याची ही सर्वमान्य रीतच झाली आहे. तक्त्याचा मोठा गुण असा की कोड न समजणाऱ्या माणसालाही तो वाचता येतो. विमा कंपनीतला हिशेबनीस, शाळेतला परीक्षा विभाग, दवाखान्यातला औषध देणारा, या प्रत्येकाला आपल्या कामातले अडनिडे प्रसंग प्रोग्रॅमरपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतात. 'इथे एक ओळ राहिली' असं त्यांना सांगता येतं. टेस्टचा साचा अशा रीतीने संगणकवाल्यांच्या खोलीबाहेर येतो, आणि तिथेच तो सर्वांत उपयोगी ठरतो.

वर्षाच्या आकड्यात एक मिळवला की पुढच्या वर्षीची तीच तारीख मिळते, असं समजून लिहिलेल्या कोडमुळे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचीच 'अ‍ॅझ्युर' ही क्लाउड सेवा जगभरात कोलमडली. तिच्या एका भागाला वर्षभर मुदतीचं प्रमाणपत्र तयार करायचं होतं. त्या दिवशी तारीख होती २९ फेब्रुवारी, आणि २९ फेब्रुवारी २०१३ नावाचा दिवसच नव्हता. तारखांसाठी केलेल्या तक्त्यात '२९ फेब्रुवारी' ही ओळ एकदा कायमची घातली, की तारखेशी संबंध येणाऱ्या प्रत्येक नव्या फंक्शनला तो तक्ता लावता येतो. अनुभवी टीम असे तक्ते वर्षानुवर्षं सांभाळतात. प्रत्येक अपघातानंतर त्यात एक ओळ वाढते.

साचा आणि नक्कल यांत मात्र गल्लत होता कामा नये. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती पाठवली. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा पडली होती. पहिली ओळ अटीवर चालत होती. दुसरीला अटच नव्हती, म्हणून ती दर वेळी चालायची आणि पुढची सहीची तपासणी ओलांडून थेट शेवटी पोहोचायची. सोबत निकाल जायचा 'सगळं ठीक'. जोडणीच्या वाटेत बँकेचं सोंग घेऊन बसलेल्या भामट्यालाही आयफोनने खरं मानलं असतं. गूगलमध्ये पूर्वी टेस्टचा प्रसार करणारे माइक ब्लँड यांनी त्या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दाखवलं की तपासणीचे तेच टप्पे त्याच फाइलमध्ये पुन्हापुन्हा चिकटवलेले होते. ते एकाच फंक्शनमध्ये आणून त्यावर एक छोटी टेस्ट लिहिली की दोष लपूच शकत नाही, हे त्यांनी स्वतः टेस्ट लिहून सिद्ध केलं. चिकटवलेल्या प्रत्येक प्रतीत वेगळी चूक शिरू शकते. साचा एकाच जागी असतो आणि सुधारला की सगळीकडे सुधारतो.

याच युक्तिवादाने काही प्रोग्रॅमर दुसऱ्या टोकाला जातात. एकच गोष्ट दोनदा लिहू नये, हा नियम १९९९ मध्ये हंट आणि थॉमस यांच्या पुस्तकाने लोकप्रिय केला, आणि मूळ कोडसाठी तो उत्तमच आहे. टेस्टमध्ये तो आंधळेपणाने पाळला की काय होतं? तयारी एका फाइलमध्ये, पडताळणी दुसरीत, माहिती तिसरीत आणि टेस्टमध्ये उरते फक्त एक ओळ. टेस्ट नापास झाली की नेमकं काय बिघडलं हे कळायला पाच फाइली उघडाव्या लागतात. गूगलमध्ये २००६ पासून टेस्टविषयीची एकपानी पत्रकं चक्क स्वच्छतागृहांत चिकटवली जात. अशाच एका पत्रकाने याविरुद्ध बजावलं होतं. टेस्ट वाचताना तिच्यात काय दिलं आणि काय मागितलं हे तिथेच, त्याच पानावर दिसलं पाहिजे. त्यासाठी थोडी पुनरुक्ती झाली तरी चालेल. हा सल्ला मोलाचा आहे. टेस्ट बहुधा वाचली जाते ती काहीतरी मोडल्यावर, बहुतेक वेळा रात्री, आणि तीही ती न लिहिलेल्या माणसाकडून. साच्यात जायला हवं ते बिनमहत्त्वाचं सामान: खोट्या ग्राहकाचा पत्ता, फोन, जन्मतारीख. पाचशे, दोनशे आणि तीनशे हे तीन आकडे मात्र टेस्टमध्येच, डोळ्यांसमोर.

तक्त्याच्याही पुढची एक पायरी २००० साली स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात चढली गेली. कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी 'क्विकचेक' बनवलं. यात एकेक उदाहरण लिहायचं नसतं. लिहायचा असतो नियम. यादी दोनदा उलटी केली की मूळ यादी परत मिळाली पाहिजे, हा असा एक नियम. मग यंत्र स्वतःच शेकडो वेड्यावाकड्या याद्या तयार करून नियम मोडतो का ते पाहतं, आणि मोडला तर तो मोडणारं शक्य तितकं लहान उदाहरण शोधून दाखवतं. आज बहुतेक मोठ्या भाषांत या कल्पनेची साधनं मिळतात. हाही साचाच, फक्त त्यातली रिकामी जागा जास्त खोल आहे: तिथे एक उत्तर लिहून भागत नाही, उत्तरांविषयीचं सत्य लिहावं लागतं.

आणि इथे या सगळ्या विषयाचं मर्म येतं. तयारीची ओळ साचा लिहितो, कृतीची ओळ साचा लिहितो, आवराआवरही तोच करतो. 'अपेक्षित उत्तर' ही एक जागा मात्र त्याला भरता येत नाही. ते उत्तर कोडच्या बाहेरून यावं लागतं: कायद्यातून, कंपनीच्या नियमातून, दिनदर्शिकेतून, कागदावर केलेल्या हिशेबातून. ते कोडकडूनच मागितलं तर टेस्ट ही नुसती होकाराची सही ठरते.

हा धोका आता वाढला आहे, कारण कोड वाचून टेस्ट लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस बहुतेक प्रोग्रॅमरांच्या हाताशी आले आहेत. सांगाडा ते झटक्यात आणि नीट उभा करतात, सुचल्या नसत्या अशा सीमाही पुष्कळदा सुचवतात. ते वापरू नयेत असं म्हणण्यात अर्थ नाही. मात्र समोर दिसणारा कोड व्याज चुकीचं काढत असेल तर त्यावरून बेतलेल्या टेस्टमध्ये तेच चुकीचं व्याज 'अपेक्षित' म्हणून लिहिलं जाण्याची शक्यता असते. सगळे दिवे हिरवे आणि ग्राहकाच्या खात्यात पैसे कमी. जुन्या, कुणालाच नीट न समजणाऱ्या कोडला हात लावण्याआधी त्याची आजची वागणूक टिपून ठेवायची, ही मायकेल फेदर्स यांनी रूढ केलेली रीत उपयोगाची आहे; पण तिथे हेतूच वेगळा असतो. 'काल जसा वागत होता तसाच आज वागतो का' एवढंच तिला विचारायचं असतं. कोड बरोबर आहे का, हे ती सांगत नाही आणि तसा दावाही करत नाही.

मराठीत काम करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी तर ही जागा आपल्यावाचून कुणी भरणारच नाही. जगभर वाटले जाणारे तयार तक्ते बहुतेक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. 'क्षितिज' हे नाव घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबात ती सात चिन्हं आहेत. नावाची लांबी मोजणारं, पहिलं अक्षर काढून गोलात दाखवणारं किंवा लांब नाव मध्येच कापणारं फंक्शन या नावावर तपासलं नसेल, तर पडद्यावर 'क' किंवा पाय मोडका 'क्' उरतो. 'दुसऱ्या'मधला ऱ्य दोन निरनिराळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक कळत नाही, युनिकोडच्या प्रमाणीकरणानंतरही तो मिटत नाही, आणि शोध घेताना एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याला सापडत नाही. 'ॲप'मधल्या ॲचं दुखणंही तेच. '१२३' हे देवनागरी आकडे पायथन सरळ संख्या म्हणून स्वीकारतो. जावास्क्रिप्टचं नेहमीचं फंक्शन ती संख्याच नाही म्हणून परत पाठवतं. रकमेत स्वल्पविराम १२,३४,५६७ असे पडायला हवेत, तीन-तीन आकड्यांनंतर नव्हेत.

मग यादी लावण्याचा प्रश्न. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसलेला आहे; आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. चिन्हांच्या क्रमांकावरून आडनावं लावणारं फंक्शन 'काळे' आधी ठेवतं आणि 'कावळे' नंतर. मराठी शब्दकोशाच्या क्रमाने ते उलट हवं. शाळेच्या हजेरीपटासाठी, मतदार यादीसाठी, ग्रंथालयाच्या सूचीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येक टीमच्या तक्त्यात 'कावळे, काळे' ही एक ओळ हवी. तिच्या पुढचा अपेक्षित क्रम वर्णमाला पाठ असलेला कोणताही चौथीतला मुलगा सांगू शकेल. तो तिथे लिहून ठेवायला मात्र कुणीतरी बसलं पाहिजे, आणि मराठी नावांचा, आकड्यांचा, तारखांचा असा एक सामायिक तक्ता कुणालाही उचलून वापरता येईल अशा रीतीने खुला ठेवायचं काम पुण्यातल्या दोन-चार प्रोग्रॅमरांना आणि एका भाषाशिक्षकाला मिळून सहज जमण्यासारखं आहे.